सबस्क्रिप्शन थांबवलं की हातात काय उरतं?

जून 2024 मध्ये अमेरिकेच्या सरकारनं फोटोशॉप बनवणाऱ्या अडोबी कंपनीवर खटला भरला. तक्रार किमतीबद्दल नव्हती. 'करार वर्षाचा, पैसे महिन्याला' असा एक प्लॅन कंपनी ग्राहकाच्या पुढ्यात ठेवते. तो पहिल्या वर्षात मध्येच सोडला तर दंड बसतो, आणि ही गोष्ट कंपनीनं बारीक अक्षरांत नि लिंकांच्या आड दडवली, असा सरकारचा आरोप होता. दंडाचा हिशोब सोपा आहे: उरलेल्या महिन्यांची जी रक्कम होईल तिच्या निम्मी. चार महिने वापरून सोडलंत तर आठ महिने उरले, त्यांचे निम्मे म्हणजे आणखी चार महिन्यांचे पैसे. वापर चार महिन्यांचा, बिल आठ महिन्यांचं.

दर महिन्याला पैसे कापले जातात म्हणजे करारही महिन्याचाच, असं आपण धरून चालतो. पण करार बारा महिन्यांचा असू शकतो आणि महिना हा नुसता हप्ता. मोठ्या कंपनीत असले कागद वाचायला वकील असतात, खरेदी विभाग असतो. चार-पाच माणसांचा व्यवसाय किंवा एकट्यानं काम करणारा डेव्हलपर 'मान्य आहे'वर क्लिक करतो आणि कामाला लागतो. त्याला दोष तरी कसा देणार? त्या लांबलचक अटी वाचत बसला तर काम कधी करणार!

सबस्क्रिप्शन चांगलं की वाईट या वादात मला फारसा रस नाही, दोन्हीकडून ठणकावून बोलणारे भरपूर आहेत. माझ्या मते घेण्याआधी एकच गोष्ट नीट पाहावी: पैसे भरणं थांबेल त्या दिवशी आपल्याकडे काय शिल्लक राहणार. किंमत, सवलती, सोयी हे सगळं त्यानंतर.

विकत घेतो म्हणजे नेमकं काय घेतो?

सॉफ्टवेअरवर ते बनवणाऱ्याचा कॉपीराइट असतो. ग्राहकाला मिळते ती वापरायची परवानगी, म्हणजेच लायसन्स. कोणी वापरायचं, किती मशीनवर, किती काळ, धंद्यासाठी की फक्त घरगुती, हे सगळं त्या परवानगीत ठरलेलं असतं. खोक्यात सीडी मिळायची तेव्हाही असंच होतं. सीडी आपली, आतला प्रोग्राम परवानगीपुरता.

आता ही परवानगी दोन प्रकारांनी मिळते. एकरकमी पैसे देऊन मुदत नसलेली घेतली तर ते कायमचं लायसन्स. ठरावीक काळापुरती घेतली आणि दर महिन्याला किंवा वर्षाला पैसे भरून पुढे चालू ठेवली, तर ते सबस्क्रिप्शन.

'कायमचं' या शब्दानं हुरळून जायचं कारण नाही, कारण तो हक्क किती पक्का यावर न्यायालयांचंही एकमत नाही. ऑटोडेस्क कंपनीच्या ऑटोकॅड या आराखडे काढायच्या सॉफ्टवेअरच्या जुन्या प्रती ऑनलाइन लिलावात विकणाऱ्या एका माणसाचं प्रकरण अमेरिकेत कोर्टात गेलं. 2010 मध्ये तिथल्या नवव्या सर्किटच्या अपील न्यायालयानं सांगितलं की ऑटोडेस्कनं प्रत विकलीच नव्हती, लायसन्स दिलं होतं, तेव्हा ती प्रत पुढे विकता येणार नाही. त्यानंतर दोनच वर्षांनी, 3 जुलै 2012 रोजी, युरोपीय संघाच्या न्यायालयानं ओरॅकल या सॉफ्टवेअर कंपनीच्या प्रकरणात उलटी भूमिका घेतली: एकरकमी मोबदला घेऊन मुदतीशिवाय दिलेलं लायसन्स ही विक्रीच आहे, आणि स्वतःची प्रत वापरणं बंद करून ग्राहक ते दुसऱ्याला विकू शकतो. सबस्क्रिप्शनमध्ये हा वादच उरत नाही. मुदत संपली की हक्क संपला, मग विकायला काय राहिलं? जुनं सॉफ्टवेअर स्वस्तात मिळण्याची वाटही त्यानं बंद होते. याची चर्चा जेवढी व्हायला हवी तेवढी होत नाही.

हे नवीन खूळ आहे का?

उलट, बऱ्यापैकी जुनं आहे. जून 1969 मध्ये आयबीएमनं जाहीर केलं की यापुढे सॉफ्टवेअरचे पैसे मशीनपासून वेगळे घेतले जातील. तोवर ते मशीनसोबतच येत असे. त्यानंतर मेनफ्रेमच्या, म्हणजे मोठ्या संस्थांच्या अवाढव्य कॉम्प्युटरांच्या, जगात मासिक लायसन्स शुल्काची जी पद्धत रुजली ती आजही आहे. पर्सनल कॉम्प्युटर आला तेव्हा दुकानातून खोकं विकत आणायचा काळ सुरू झाला, आणि आपल्यापैकी बहुतेकांनी तोच पाहिल्यामुळे तीच मूळ रीत वाटते.

मग इंटरनेटनं वारं फिरवलं. 1999 मध्ये सेल्सफोर्स ही सॉफ्टवेअर कंपनी निघाली, तिनं सगळं ब्राउझरमधूनच द्यायला सुरुवात केली. 2011 मध्ये मायक्रोसॉफ्टनं ऑफिस 365 आणलं. 2013 मध्ये अडोबीनं जाहीर केलं की आपल्या सॉफ्टवेअरच्या नव्या आवृत्त्या यापुढे फक्त सबस्क्रिप्शननं मिळतील. 2016 मध्ये ऑटोडेस्कनं नवीन कायमची लायसन्स विकणं थांबवलं. नोव्हेंबर 2023 मध्ये ब्रॉडकॉमनं व्हीएमवेअर ही सर्व्हरसाठी सॉफ्टवेअर बनवणारी कंपनी ताब्यात घेतली आणि डिसेंबर उजाडतो न उजाडतो तोच कायमच्या लायसन्सची विक्री बंद केली.

महाग पडतं की स्वस्त?

हे ग्राहक कोण त्यावर अवलंबून आहे. फोटोशॉपचंच गणित करून पाहू, कारण त्याचे दोन्ही आकडे उपलब्ध आहेत. 2012 मधल्या सीएस6 आवृत्तीची किंमत 699 डॉलर होती. 2013 मध्ये एकट्या फोटोशॉपचं सबस्क्रिप्शन वर्षाच्या करारावर महिन्याला 19.99 डॉलरला मिळू लागलं. भागाकार केला तर 35 महिने येतात. म्हणजे नव्यानं घेणाऱ्याला जवळजवळ तीन वर्षं सबस्क्रिप्शन स्वस्त, आणि सुरुवातीला मोठी रक्कम अडकतही नाही. ज्याचा धंदा अजून उभा राहायचाय त्याच्यासाठी हे थोडंथोडकं नाही.

आता दुसरा ग्राहक घ्या. त्याच्याकडे मागची आवृत्ती आहे आणि त्याला नवी 199 डॉलरच्या अपग्रेडमध्ये मिळायची. समजा तो दोन वर्षांतून एकदा अपग्रेड करायचा. महिन्याला 8 डॉलर आणि काही सेंट पडले. सबस्क्रिप्शन आलं नि त्याचा खर्च एकदम अडीचपटीच्या जवळ गेला. जो पाच-पाच वर्षं जुन्याच आवृत्तीवर निभावून न्यायचा, त्याच्या खर्चाची तर तुलनाच नको. सबस्क्रिप्शनवर सगळ्यात जास्त चिडले ते हे जुने, निष्ठावान ग्राहक, आणि त्यांचा राग हिशोबाला धरून होता.

तिसराही एक ग्राहक असतो. त्याला एखादं महागडं सॉफ्टवेअर एकाच कामापुरतं, दोन-तीन महिने हवं असतं. त्याच्यासाठी मासिक सबस्क्रिप्शनसारखं दुसरं काही नाही. मात्र ते खरोखरच मासिक आहे ना, एवढं पाहून घ्यावं. नाही तर वर सांगितलेला दंड आहेच.

पैसे थांबले त्या दिवशी

शिल्लक काय राहतं हे तीन थरांत पाहावं लागतं. सॉफ्टवेअर चालवता येतं का, आपल्या फाइल्स उघडतात का, आणि आपण बनवून दुसऱ्याला दिलेलं काम चालू राहतं का.

भाड्यानं आणलेलं शिलाई मशीन परत केलं तरी त्यावर शिवलेला शर्ट आपल्याकडेच राहतो. सॉफ्टवेअरमध्ये मात्र मशीन परत गेलं आणि शर्टाची बटणंही उघडेनाशी झाली, असं होऊ शकतं. फाइल तुमच्याच डिस्कवर असते, तिच्यातला मजकूर तुमचाच असतो, पण ज्या स्वरूपात ती साठवली आहे ते दुसऱ्या कुठल्याही प्रोग्रामला धड वाचता येत नाही.

मायक्रोसॉफ्ट 365 चं उदाहरण घ्या. सबस्क्रिप्शन संपल्यावर वर्ड आणि एक्सेल मर्यादित स्थितीत जातात. फाइल उघडते, छापता येते, बदलता येत नाही. हे मला बरंच माणुसकीचं वाटतं. व्यवसायाच्या खात्यात मात्र ई-मेल आणि क्लाउडवरच्या फाइल्सचं घड्याळ वेगळं चालतं. बहुतेक योजनांत मुदत संपल्यावर 30 दिवस सगळं चालू असतं, पुढचे 90 दिवस खातं बंद पण माहिती जपलेली, आणि त्यानंतर माहिती पुसली जाते. चार महिने ऐकायला भरपूर वाटतात. पण खातं सांभाळणारा माणूस नोकरी सोडून गेला असेल आणि सूचना त्याच्याच पत्त्यावर जात असतील, तर हे चार महिने कुणाच्याही लक्षात न येता निघून जातात.

तिसरा थर डेव्हलपर आणि डिझायनर यांच्या खास जिव्हाळ्याचा. एखाद्या फ्रीलान्सरनं ग्राहकाची वेबसाइट बनवली आणि त्यात स्वतःच्या सबस्क्रिप्शनमधले अडोबी फॉन्ट्स वापरले. साइट दिली, पैसे मिळाले, सगळे खूश. वर्षभरानं फ्रीलान्सरनं सबस्क्रिप्शन बंद केलं. ते फॉन्ट अडोबीच्याच सर्व्हरवरून येत असल्यामुळे ग्राहकाच्या साइटवर ते दिसायचे बंद होतात आणि अक्षरं भलत्याच वळणात दिसू लागतात. अडोबीच्या अटींतच लिहिलंय की ग्राहकाच्या साइटसाठी ग्राहकाचं स्वतःचं सबस्क्रिप्शन हवं. पण हे काम घेताना सांगायचं कुणी?

आपल्या सॉफ्टवेअरच्या आत जोडायचे तयार घटक, चार्टच्या लायब्ररी, पीडीएफ बनवणारे मोड्यूल यांच्याबाबतीतही हेच विचारावं. सबस्क्रिप्शन संपल्यावर नवीन काम करता येणार नाही हे ठीक आहे. पण आधी बनवून दिलेलं सॉफ्टवेअर ग्राहकाकडे चालू राहणार की नाही? काही लायसन्स इथे उदार असतात, काही मुळीच नाहीत. आणि किमतीच्या पानावर हा फरक सहसा कुणी छापत नाही.

मधला मार्ग असतो का?

असतो, आणि तो भांडून मिळालेला आहे. डेव्हलपरांची साधनं बनवणाऱ्या जेटब्रेन्सनं सप्टेंबर 2015 मध्ये सबस्क्रिप्शनची घोषणा केली तेव्हा मूळ योजना साधी होती: पैसे थांबले की साधन थांबलं. डेव्हलपर खवळले. काही आठवड्यांत कंपनीनं योजना बदलली आणि त्यात एक कलम घातलं, ज्याला फॉलबॅक लायसन्स म्हणतात. सलग बारा महिने पैसे भरले की त्या बारा महिन्यांच्या सुरुवातीला जी आवृत्ती होती ती कायमची तुमची.

यात एक खोच आहे. समजा तुम्ही सबस्क्रिप्शन घेतलं तेव्हा 5.0 आवृत्ती होती आणि वर्षभरात 5.1, 5.2, 5.3 आल्या. वर्षानंतर थांबलात तर तुमच्याकडे राहते ती 5.0 आणि तिच्या बारीकसारीक दुरुस्त्या. वर्षभर हाताला सवय झालेली 5.3 सोडून मागे यावं लागतं. बऱ्याच जणांचा इथे गोंधळ होतो. तरीही मला ही सगळ्यात न्याय्य रचना वाटते. बनवणाऱ्याला दरवर्षी उत्पन्न मिळतं, आणि वर्षभर पैसे भरणाऱ्याला रिकाम्या हातानं परत जावं लागत नाही. 'एकदा पैसे भरा, वर्षभर अपडेट मिळतील, नंतर आहे ती आवृत्ती वापरत राहा' हा काही छोट्या कंपन्यांचा प्रकारही याच जातीचा.

मोजतात काय?

सबस्क्रिप्शनची किंमत बहुधा 'सीट'वर असते. सीट म्हणजे एका माणसाला वापरायची मुभा. ती नावानं असेल तर एक खातं दोघांनी वापरणं हा भंग ठरतो. काही ठिकाणी माणसांऐवजी मशीन मोजतात, काही ठिकाणी एका वेळी कितीजण वापरताहेत ते. पाच माणसं आळीपाळीनं वापरत असतील तर या शेवटच्या प्रकारात दोन सीटमध्येही भागतं.

मोजण्याची पद्धत बदलली की किंमत न वाढवताही बिल वाढतं. ओरॅकलनं जानेवारी 2023 मध्ये जावा या प्रोग्रामिंगच्या साधनाचं व्यावसायिक सबस्क्रिप्शन कर्मचारीसंख्येवर नेलं. जावा वापरणारे किती हे गौण, कंपनीत एकूण माणसं किती त्यावर बिल. हिशोबनीस आणि गोदामातला माणूसही त्यात धरला गेला. जावाची ओपनजेडीके ही मोकळी आवृत्ती मोफत उपलब्ध आहे, म्हणून छोट्यांना सुटायला वाट तरी होती.

'छोट्यांना मोफत' या योजनांतही मोजमाप असतंच. डॉकर डेस्कटॉप हे डेव्हलपरांचं साधन 250 पेक्षा कमी कर्मचारी आणि वर्षाला 1 कोटी डॉलरपेक्षा कमी उत्पन्न असलेल्या कंपन्यांना मोफत आहे, आणि दोन्ही अटी एकदम पाळाव्या लागतात. कोड लिहायच्या व्हिज्युअल स्टुडिओची कम्युनिटी आवृत्ती एकट्या डेव्हलपरला मोफत, छोट्या संस्थेत पाच जणांपर्यंत मोफत. पण संस्थेत 250 पेक्षा जास्त कॉम्प्युटर असतील किंवा वार्षिक उत्पन्न 10 लाख डॉलरच्या वर गेलं असेल, तर तिला हे पाचजणही चालत नाहीत. धंदा वाढला की ही रेषा ओलांडली जाते आणि तो दिवस कुणी आठवण करून देत नाही. म्हणून मोफत योजना घेतानाही वरचा आकडा कुठे तरी लिहून ठेवावा.

'मग कायमचं लायसन्स घेतलं की चिंता मिटली ना?'

पूर्ण मिटत नाही. कायमचं लायसन्स म्हणजे वापरायचा हक्क कायमचा. सॉफ्टवेअर कायम चालेल याची हमी त्यात नसते. अडोबीच्या सीएस2 या जुन्या आवृत्तीला सुरू होण्यासाठी कंपनीच्या सर्व्हरला विचारावं लागे. तो सर्व्हर कंपनीनं बंद करायचं ठरवलं तेव्हा 2013 च्या सुरुवातीला ग्राहकांसाठी सर्व्हरला न विचारणारी आवृत्ती काढावी लागली. कंपनीनं तसदी घेतली म्हणून निभावलं. ऑक्टोबर 2019 मध्ये ॲपलच्या मॅकओएस कॅटलिनानं 32 बिटची, म्हणजे जुन्या घडणीची, सॉफ्टवेअर चालवणंच बंद केलं. पैसे देऊन घेतलेले कितीतरी जुने प्रोग्राम त्या एका अपडेटनंतर उघडेनासे झाले. ऑफिस 2016 आणि 2019 चं सपोर्ट 14 ऑक्टोबर 2025 ला संपलं. ती चालतात, पण सुरक्षेच्या दुरुस्त्या थांबल्या. ज्या मशीनवर ग्राहकांची माहिती आहे तिथे हे दुर्लक्ष करण्यासारखं नाही.

व्हीएमवेअरच्या ग्राहकांना याचाच वेगळा अनुभव आला. त्यांची कायमची लायसन्स कुणी काढून घेतली नाहीत. फक्त त्यांच्या सपोर्टचं नूतनीकरण बंद झालं, सपोर्ट हवा असेल तर सबस्क्रिप्शन घ्या. हक्क कागदावर शाबूत, पण त्याच्या भरवशावर सर्व्हर चालवायची हिंमत होईना.

'अटी मध्येच बदलल्या तर?'

ही भीती खरी आहे, आणि युनिटीचं प्रकरण त्यासाठी मुळातून समजून घ्यावं. युनिटी हे गेम बनवायचं साधन. बनवणारे बरेचसे एकटे किंवा दोन-चार जणांचे गट. 12 सप्टेंबर 2023 ला कंपनीनं 'रनटाइम फी' जाहीर केली. बारा महिन्यांत 2 लाख डॉलरच्या वर कमाई आणि आजवर 2 लाखांच्या वर इन्स्टॉल झालेल्या गेमच्या डेव्हलपरनं, तो स्वस्तातल्या योजनेवर असेल तर, पुढच्या प्रत्येक इन्स्टॉलमागे 20 सेंट द्यायचे. जुने, आधीच बाजारात असलेले गेमही यात धरले होते.

आता समजा तुमचा गेम फुकट आहे आणि जाहिरातींतून माणशी सरासरी 10 सेंट सुटतात. मग दर नव्या खेळाडूमागे 10 सेंट तोटा, आणि गेम जितका गाजेल तितकं दिवाळं जवळ! गदारोळ झाला. दहाच दिवसांत कंपनीनं अटी सौम्य केल्या, ऑक्टोबरमध्ये प्रमुख पायउतार झाले, आणि सप्टेंबर 2024 मध्ये ही फी पूर्ण रद्द झाली. त्याच घोषणेत वरच्या योजनांचे दर वाढवले, हे ओघानं आलंच.

मला यातला खरा धडा फीमध्ये दिसत नाही. 2019 मध्ये युनिटीनं वचन दिलं होतं की तुम्ही ज्या आवृत्तीवर काम सुरू केलं तिच्या अटींवरच राहू शकाल. 2023 मध्ये डेव्हलपर ते कलम शोधायला गेले तर ताज्या अटींतून ते गायब झालेलं होतं. ज्या साधनावर तुमचा अख्खा माल उभा आहे त्याच्या लायसन्समध्ये 'जुन्या आवृत्तीला जुन्या अटी' हे वाक्य आहे का, हे दरापेक्षाही आधी पाहावं.

'सरळ ओपन सोर्सकडे जाऊ'

ओपन सोर्स म्हणजे ज्याचा मूळ कोड उघडा असतो आणि तो वापरायची, बदलायची, वाटायची परवानगी आधीच दिलेली असते. तिथेही अटी बदलतात. ऑगस्ट 2023 मध्ये हॅशिकॉर्प कंपनीनं टेराफॉर्म या सर्व्हर उभे करायच्या साधनाच्या नव्या आवृत्त्यांसाठी ओपन सोर्स लायसन्स सोडून व्यापारी निर्बंध असलेलं लायसन्स लावलं. मार्च 2024 मध्ये रेडिस या डेटाबेसनं तसंच केलं.

पण इथे शिल्लक काय राहिलं ते बघा. आधी दिलेली परवानगी मागे घेता येत नाही. टेराफॉर्मची शेवटची मोकळी आवृत्ती घेऊन लोकांनी ओपनटोफू उभं केलं, रेडिसच्या 7.2.4 वरून व्हॅलकी. मूळ कोडाची प्रत घेऊन स्वतंत्र प्रकल्प चालवण्याला 'फोर्क' म्हणतात. दोन्ही फोर्क लिनक्स फाउंडेशनच्या छत्राखाली आहेत. पुढे मे 2025 मध्ये रेडिस पुन्हा ओपन सोर्स लायसन्सकडे वळलं.

म्हणून सगळं ओपन सोर्सच वापरा, असं मी म्हणणार नाही. ज्याच्याकडे सर्व्हर सांभाळायला माणूस नाही त्याला 'फुकट' सॉफ्टवेअर पगारापेक्षा महाग पडू शकतं. जिथे माहिती कायम ठेवायची आहे, उदाहरणार्थ डेटाबेस किंवा फाइलचं स्वरूप, तिथे मोकळा पर्याय आधी बघावा. बाकी ठिकाणी सोय बघावी.

विकणाऱ्याच्या खुर्चीतून

एकटा डेव्हलपर हा घेणाराही असतो आणि विकणाराही. विकायला बसला की तोच सबस्क्रिप्शनकडे वळतो, आणि ते लबाडीनं असतं असं नाही. दरवर्षी ऑपरेटिंग सिस्टीमची नवी आवृत्ती येते, काहीतरी मोडतं, ते दुरुस्त करावं लागतं. ज्यानं पाच वर्षांपूर्वी एकदाच पैसे दिले त्याचाही ई-मेल येतो आणि त्यालाही उत्तर द्यावंच लागतं. पूर्वी नव्या आवृत्तीचे पैसे घेऊन हे भागायचं. ॲपलच्या ॲप स्टोअरमध्ये जुन्या ग्राहकाला सवलतीत अपग्रेड विकायची सरळ सोयच नाही. उलट 2016 मध्ये ॲपलनं सबस्क्रिप्शनवर दुसऱ्या वर्षापासूनचा आपला वाटा 30 टक्क्यांवरून 15 टक्क्यांवर आणला. दुकानाची रचनाच तिकडे ढकलत असेल तर दुकानदार काय करणार?

पण सबस्क्रिप्शन लावायचं तर ते सभ्यपणे लावता येतं. पैसे आले नाहीत याचं कारण बऱ्याचदा कार्डची मुदत संपली एवढंच असतं, तेव्हा दुसऱ्याच मिनिटाला कुलूप लावू नये. दोन-तीन आठवड्यांची सवड द्यावी. लायसन्स तपासणारा आपला सर्व्हर कधीतरी बंद पडणारच, त्या दिवशी ग्राहकाचं काम अडू नये इतके दिवस प्रोग्राम न विचारता चालावा. सबस्क्रिप्शन संपल्यावर नवीन काम बंद करा, पण जुनी फाइल उघडणं आणि दुसऱ्या स्वरूपात बाहेर काढणं कधीही बंद करू नका. आणि आपण धंदाच गुंडाळला तर कुलूप नसलेली शेवटची आवृत्ती देऊ, हे लायसन्समध्ये आधीच लिहावं. एकट्या माणसाकडून घेताना ग्राहकाच्या मनात हीच धास्ती असते, तोंडानं तो बोलत नाही एवढंच.

'पण छोट्या गिऱ्हाइकाचं ऐकतं कोण?'

मायक्रोसॉफ्ट किंवा अडोबी तुमच्यासाठी कलम बदलणार नाही, हे उघड आहे. तिथे हातात राहतं ते आपलं आवरणं. खातं कर्मचाऱ्याच्या खासगी ई-मेलवर नको, व्यवसायाच्या पत्त्यावर हवं. नूतनीकरणाच्या आधी महिनाभर कॅलेंडरमध्ये खूण हवी, कारण ते बहुतेक ठिकाणी आपोआप होतं. आणि सगळी माहिती एकदा खरोखर बाहेर काढून दुसऱ्या प्रोग्राममध्ये उघडून पाहिलेली हवी. 'एक्सपोर्ट' नावाचं बटण असणं आणि त्यातून निघालेली फाइल कामाची असणं यात बरंच अंतर असतं. बिलांची यादी येते पण बिलांना जोडलेले कागद येत नाहीत, ग्राहकांची नावं येतात पण त्यांच्याशी झालेला पत्रव्यवहार येत नाही. हे पाहायचं ते चाचणीच्या मुदतीत, पहिला पैसा भरायच्या आधी.

छोट्या विक्रेत्याकडे मात्र सरळ ई-मेल करावा. दोनच ओळी पुरतात: आम्ही पुढच्या वर्षी थांबलो तर आमची माहिती किती दिवस, कुठल्या स्वरूपात मिळेल, आणि आम्ही आधी बनवून दिलेलं काम चालू राहील का? चार माणसांच्या कंपनीत हा ई-मेल बहुधा मालकच वाचतो आणि स्वतः उत्तर लिहितो. ते उत्तर आणि खरेदीच्या दिवशीच्या अटींची पीडीएफ बिलासोबत एकाच फोल्डरमध्ये टाकावी, कारण वेबसाइटवरचं अटींचं पान वर्षभरानं तसंच असेल असं नाही.